अज्ञाताची ओळ

“मॅडम, मी पाच वर्षं कुठं होते?”

संजीवनी दाभाडे माझ्या टेबलापाशी उभी होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात छापलेला रिपोर्ट आणि चेहऱ्यावर परतूर-जालना रस्त्याची सगळी धूळ. मी नुकताच डबा उघडला होता. सकाळपासून डीलरांची नावं नीट करून डोळे चुरचुरत होते. खरं सांगायचं तर, त्या वेळी कुणाचीही पाच वर्षं शोधून द्यायची माझी इच्छा नव्हती.

“सिल्लोडला होतीस,” मी म्हणाले. “अख्ख्या कंपनीला माहीत आहे.”

“मग यात काहून नाही?”

तिनं रिपोर्ट माझ्या डब्याशेजारी ठेवला. सहा वर्षांच्या विक्रीचा आणि तक्रारींचा रिपोर्ट, एरियानुसार, माणसानुसार. सिल्लोडच्या पुढे तेजस वैद्य हे नाव होतं. सहाच्या सहा वर्षं. तेजस गेल्या दसऱ्याला कंपनीत लागला होता, त्याआधी तो कॉलेजच्या कँटीनमधे असणार. आणि संजीवनीचं नाव परतूरपुढे होतं. तेही सहाच्या सहा वर्षं, त्यातलं पहिलं ते भयानक वर्ष धरून.

मी पोळीचा घास तसाच खाली ठेवला. काय झालंय ते मला रिपोर्ट पुरता न वाचताच कळलं होतं, कारण हे होणार हे मला दीड वर्षापासून ठाऊक होतं.

आमची बियाण्यांची कंपनी. मी तिथं संगणक विभागात होते आणि नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. त्या सुमारास साहेबांच्या मनात डेटा वेअरहाऊस, म्हणजे सगळ्या नोंदींचं एकच गोदाम, भरलं. आमच्याकडे गोदाम म्हटलं की सोयाबीनची पोती, त्यामुळे वॉचमननं मला दोनदा विचारलं की नवं गोदाम एमआयडीसीत बांधताय का. त्याला म्हटलं, नाही बाबा, हे गोदाम माझ्या डोक्यावर बांधताहेत.

त्या गोदामाची रीत अशी की विक्रीच्या नोंदीत माणसाचं नाव नसतं. तिथं असतो एरियाचा नंबर. तो नंबर म्हणजे कोण, हे दुसऱ्या तक्त्यात असतं. त्या तक्त्याला मास्टर म्हणायचं. रिपोर्ट काढताना नंबर घेऊन मास्टरकडे जायचं, नाव पाहायचं, परत यायचं. आणि ते मास्टर आम्ही रोज सकाळी कालचं पुसून नव्यानं भरत होतो. म्हणजे नोंद सहा वर्षांपूर्वीची असली तरी नाव आजच्या माणसाचं. घरात भाडेकरू नवा आला आणि पोस्टमननं जुन्याची सगळी पत्रं त्याच्याच हातात दिली, तसला प्रकार. तेव्हा कोण होतं तेही साठवून ठेवा, असं मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. पुण्याच्या कन्सल्टंटनं ते काम ‘फेज टू’मधे ढकललं. आमच्या कंपनीत फेज टू म्हणजे कधीच नाही.

हे सगळं मी संजीवनीला सांगितलं. ती उभ्यानंच ऐकत होती.

“म्हणजे बदली झाली की माणसाचं आधीचं पुसलं?”

“पुसलं नाही. दुसऱ्याच्या नावावर गेलं.”

“मग तर पुसलेलं बरं होतं,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सिल्लोडला तिनं मक्याच्या बियाण्याचा बाजार शून्यातून उभा केला होता. बाई फील्ड ऑफिसर म्हणून तिथले डीलर आधी तिला चहासुद्धा विचारत नव्हते. ती पहाटे मोटारसायकल काढून वाडीवस्तीवर जायची, बांधावर उभी राहून पेरणी बघायची. पाच वर्षांत सिल्लोड सगळ्यांत वर आलं आणि मग तिला परतूरला टाकलं, कारण परतूर बुडीत होतं आणि बुडीत एरिया सावरायला चांगला माणूस लागतो. अशी शाबासकी आमच्याकडे होती. आता रीजनल मॅनेजरची जागा निघाली होती. येत्या सोमवारी साहेब सगळ्यांसमोर हाच रिपोर्ट लावून माणूस ठरवणार होते. संजीवनी आणि तेजस, दोघांचीच नावं चर्चेत होती. आजवर त्या जागेवर बाई बसली नव्हती. संजीवनीला ती जागा हवी होती आणि हे ती कुणापासून लपवत नव्हती.

“करता येईल ना दुरुस्त?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, बघते. मला ‘बघते’ म्हणायची सवयच लागली होती.

दुपारी साहेबांकडे गेले. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांना सगळं माहीत असायचं आणि तरी ते कागदाकडे बघून बोलायचे. मी रिपोर्ट समोर ठेवला, हा चुकीचा आहे म्हणाले, कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दाभाडे सिल्लोडला होत्या हे मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मीच पाठवलं होतं त्यांना.”

“मग प्रश्नच मिटला, सर.”

“मिटला कसा? आकडा समोर असताना ‘मला माहीत आहे’ म्हणून मी निर्णय घ्यायचा, तर हे एवढं आणलं कशाला?”

मी म्हटलं की दुरुस्त करून देते. त्यांनी लगेच अट घातली की दुरुस्ती एका माणसापुरती नको. सगळ्यांची करा, सहाही वर्षांची करा. उद्या कुणी म्हणायला नको की दाभाडेबाईंसाठी कंपनीनं आकडे फिरवले. तेही बरोबर होतं. आणि तसंही ते यंत्र एकीसाठी एक नियम आणि दुसऱ्यासाठी दुसरा, असं चालत नाही. नियम एकदा घातला की तो सगळ्यांना लागतो.

मग मी कामाला लागले. कोण, कोणत्या एरियात, कधीपासून कधीपर्यंत, अशा तारखा एच.आर.कडून गोळा करायच्या आणि मास्टर नव्यानं भरायचं. एच.आर.वाल्यांनी आधी हात वर केले, मग कपाटं उघडली. बदलीच्या ऑर्डरी निघू लागल्या. काही वाळवीनं खाल्लेल्या, काहींवर चहाचे डाग, पण तारखा होत्या. मी त्या भरत गेले. माझी पाठ धरली, चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटू लागला. घरी गेल्यावर यजमान म्हणाले की तू आमटीत मीठ घातलंच नाहीस. मी म्हटलं, घाला तुम्हीच.

भरताना पहिली ओळ मात्र मी नेहमीसारखीच मांडत होते. ती या कामातली रीत आहे. मास्टरमधे कोणतंही खरं नाव टाकायच्या आधी एक ओळ घालायची, नंबर उणे एक, नाव ‘अज्ञात’. पूजेला बसताना आधी सुपारीचा गणपती मांडतात तशी. ज्या नोंदीचा धनी सापडत नाही ती नोंद वाया जाऊ नये म्हणून या ओळीवर टाकायची. रिपोर्टमधे अज्ञात सगळ्यांत खाली येतो, त्याच्या नावावर नेहमी काही ना काही असतं आणि त्याच्याकडे कुणीही बघत नाही. मीटिंगमधे तिथवर पोचेपर्यंत लोक समोशांवर आलेले असतात.

शेवटी एकच तारीख राहिली. परतूरची, सहा वर्षांपूर्वीची.

त्या वेळी परतूरला टाकसाळेकाका होते. भीमाशंकर टाकसाळे. त्याच वर्षी त्यांना जालन्याला हेड ऑफिसात आणलं होतं, नव्या पोरांना शिकवायला. पण कधी आणलं, याचा कागद नव्हता. तेव्हाच्या मॅनेजरनं फोनवरच बोलावून घेतलं होतं. त्यांच्यानंतरचा माणूस परतूरला दिवाळीत रुजू झाला, ती ऑर्डर होती. मधलं सगळं रिकामं.

आणि मधेच तो हंगाम होता. त्या जूनमधे आमचं सोयाबीनचं बी उगवलं नव्हतं. परतूर भागात शेतंच्या शेतं काळी राहिली. लोकांना दुबार पेरावं लागलं. कंपनीनं पावसावर ढकललं, पण तक्रारींच्या नोंदी सिस्टिममधे होत्या आणि त्या सगळ्यांत जास्त परतूरच्या होत्या. हेच वर्ष त्या रिपोर्टात संजीवनीच्या नावापुढे लाल रंगात बसलं होतं.

संजीवनीला हे माझ्याआधी उमगलं. शनिवारी ती परत आली. या वेळी हेल्मेट काखेत होतं आणि आवाज खाली.

“मॅडम, ते वर्ष माझ्यावरून निघालं की कुणावर जाणार?”

“काकांवर. हंगामात ते तिथं असले तर.”

“ते होतेच की तिथं.”

“कागद नाही. तारीख त्यांनाच विचारावी लागेल.”

ती हेल्मेटची पट्टी गुंडाळत बसली. टाकसाळेकाकांनीच तिला या कामात तयार केलं होतं. बांधावर जायचं तर चप्पल काढून जा, इथपासून शिकवलेलं. आणि काका आता अठ्ठावन्न पुरे करून निवृत्त व्हायचे होते. त्यांना दोन वर्षं वाढवून मिळणार असं साहेब तोंडी म्हणाले होते, पण तेही सोमवारच्या मीटिंगमधेच पक्कं व्हायचं होतं. काकांना पैशाची फार नड नव्हती. मुलगा पुण्यात होता, सूनबाई बोलवत होती. पण त्यांना पोरांना शिकवायचं होतं. घरी बसून काय खुंट्या मोजू, असं ते म्हणायचे.

“सगळ्यांनाच माहीत आहे की बी सगळीकडं खराब होतं,” संजीवनी म्हणाली. “बाकीच्यांनी तक्रारी लिहिल्याच नाहीत. काकांनी एकेक लिहिली. म्हणून परतूरचा आकडा मोठा.”

“माहीत आहे.”

“मग ते माझ्याकडंच राहू द्या ना. सिल्लोड तेवढं मला द्या आणि परतूरचं तसंच ठेवा.”

मी तिला समजावलं की असं होत नाही. तेव्हाचं तेव्हाच्या माणसाला, हा नियम लागला की परतूरलाही लागणार. तू त्या साली परतूरला नव्हतीस, तर तुझ्या नावावर ते राहूच शकत नाही. तिला ते पटलं, पण आवडलं नाही. माझ्यावर चिडल्यासारखी खिडकीकडे बघत राहिली. मग एकदम वळून म्हणाली, “आणि तारीख सापडलीच नाही तर?”

“तर कुणाच्याच नावावर नाही. अज्ञात.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. माझ्याही मनात तेच होतं. मी कुठलंच खोटं लिहिणार नव्हते. कागद नाही तर रकाना कोरा, हा नियमच होता. संजीवनीला तिचं मिळालं असतं, काकांची वाढीव दोन वर्षं शाबूत राहिली असती आणि ते भिकार वर्ष अज्ञाताच्या ओळीत समोशांखाली गेलं असतं. मला तर एवढं हलकं वाटलं की मी तिला म्हटलं, चल, आज चहा माझ्याकडून.

उरलं फक्त काकांना एकदा विचारणं. तेवढं नावापुरतं करायचं होतं.

टाकसाळेकाका ट्रेनिंग रूममधे एकटेच होते. टेबलावर बियांच्या पुरचुंड्या मांडून त्यांना चिठ्ठ्या लावत होते. सोमवारनंतरच्या बॅचची तयारी. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली. मी आधी इकडचंतिकडचं बोलले, मग विषय काढला. त्यांना सगळं नीट सांगितलं. रिपोर्ट कसा चुकत होता, आता कसा होणार, संजीवनीला तिचं कसं मिळणार. ते ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

“पोरीनं सिल्लोडला हाडाची काडं केली,” ते म्हणाले. “मिळालंच पाहिजे तिचं तिला.”

“हो. फक्त तुमची एक तारीख राहिलीय, काका. परतूर कधी सोडलंत ती. कागद नाही. आणि तुम्हांला आठवत नसेल तर काही अडत नाही. मी कोरी सोडते.”

“कोरी सोडली तर काय होतं?”

“काही नाही. मधलं जे आहे ते कुणाच्याच नावावर येणार नाही.”

“मग कुठं जातं?”

“अज्ञातावर.”

“तो कोण?”

“कुणी नाही, काका. एक ओळ असते. ज्याचा धनी सापडत नाही ते तिच्यावर टाकायचं.”

त्यांनी हातातली पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी सरळ केली. मी मुद्दाम घड्याळाकडे पाहिलं, उठायची तयारी केली. त्यांनी नुसतं ‘आठवत नाही’ म्हणायचं होतं. या वयात माणसाला काय काय आठवत नसतं.

“पोळा करून आलो मी,” ते म्हणाले.

“काका, नक्की आठवतंय? सहा वर्षं झाली.”

“शेजारी बाबुराव होते परतूरला. त्यांच्या बैलांना दर पोळ्याला मी घागरमाळ बांधायचो. त्या साली पण बांधली. त्यांच्याच घरची पुरणपोळी खाल्ली आन् दुसऱ्या दिवशी टेम्पोत सामान टाकलं. पोळ्याची तारीख तुम्ही कॅलेंडरात बघा.”

पोळा श्रावणाच्या अमावास्येला. म्हणजे पेरणी, दुबार पेरणी, तक्रारी, सगळं होऊन गेल्यावर. मी त्यांना आडून सांगून पाहिलं आणि मग सरळच सांगितलं. म्हटलं, ही तारीख भरली तर त्या हंगामाच्या सगळ्या तक्रारी तुमच्या नावापुढे येतील. सोमवारी साहेब बघतील. तुमचं वाढीव दोन वर्षांचं त्याच मीटिंगमधे आहे.

“येऊ द्या की.”

“काका, कुणी विचारणार नाही. खरंच कागद नाही.”

“कागद नाही, पण मी आहे ना,” ते म्हणाले. मग हसले आणि मला चहा विचारला.

मला चहा नको होता. मी तणतणत माझ्या खोलीत आले. माणसानं किती ताठ असावं याला काही सुमार? वर्षानुवर्षं या कंपनीत लोकांनी आपल्या चुका दुसऱ्यांच्या अंगावर ढकललेल्या मी पाहिल्या होत्या. आणि इथं एका माणसाला चूक नसताना सुटायची वाट दाखवली, तर तो म्हणे पोळा करून आलो. संजीवनीला फोनवर कळवलं. ती म्हणाली की मी त्यांच्याशी बोलते. बोलली असावी. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण सोमवारी सकाळी काका स्वतःच माझ्याकडे डोकावून गेले, तारीख भरली ना, म्हणून.

मी भरली. काय करणार? एकदा सांगितल्यावर मला ती न भरता येईना. आधी अज्ञाताची ओळ मांडली, मग सगळी माणसं त्यांच्या तारखांसकट आत घातली आणि सहा वर्षांच्या नोंदी पुन्हा एकदा नव्या मास्टरकडे विचारायला पाठवल्या. बसून राहिले. रिपोर्ट उघडला तेव्हा सिल्लोडपुढे संजीवनी दाभाडे, पाच वर्षं. परतूरपुढे, त्या हंगामात, भी. टाकसाळे.

मीटिंग दुपारी झाली. साहेबांनी पडद्यावर रिपोर्ट लावला. सिल्लोडची रांग आली तशी खोलीत कुजबुज झाली. तेजस बिचारा स्वतःच म्हणाला की हे आता बरोबर दिसतंय, मला आधी ते बघून लाज वाटत होती. साहेबांनी संजीवनीकडे पाहून मान हलवली. तेवढ्यात काम झालं होतं. ती जागा तिची, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. बाकीचं नुसतं बोलणं.

मग साहेब पुढे सरकले. परतूरवर आले. लाल आकडा आला आणि त्याच्यापुढचं नाव. काका दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. साहेब थांबले.

“टाकसाळे, हे तुमच्या वेळचं.”

“हो, सर.”

साहेबांनी पुढे सरकायला हात उचलला होता. तेवढ्यात संजीवनी उभी राहिली. नुकतीच तिला ती जागा मिळाली होती, अजून नीट मिळालीही नव्हती, आणि ती उभी राहिली.

“सर, त्या साली बी सगळ्याच एरियात उगवलं नव्हतं. बाकी कुणी लिहून घेतलं नाही. काकांनी लिहून घेतलं, एवढाच फरक आहे.”

कुणी वर पाहिलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्या वर्षी तक्रार घेऊन आलेल्यांना परत पाठवलं होतं.

“मला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “पण हा रिपोर्ट आता सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. टाकसाळ्यांसमोर जी नवी पोरं बसतील ती तो उघडून बघतील. म्हणतील, सगळ्यांत जास्त तक्रारी ज्याच्या, तो आम्हांला शिकवतोय. हे कंपनीला बरं दिसत नाही.”

संजीवनी काही तरी बोलणार होती. काकांनी तिला हातानं बस म्हणून खुणावलं, वर्गात एखाद्या उतावळ्या पोराला बसवावं तसं. ती बसली. समोसे आले. रिपोर्टच्या तळाशी अज्ञाताची ओळ होती आणि तिच्यापुढे त्या दिवशी काहीही नव्हतं. अख्ख्या नोकरीत मी ती पहिल्यांदाच रिकामी पाहिली. कामाचा आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त थकायला झालं.

काकांची दोन वर्षं गेली. महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस होता. शाल, नारळ, भाषणं, सगळं रीतसर झालं. साहेब फार चांगलं बोलले. संजीवनी दौरा सोडून आली होती आणि पूर्ण वेळ मागच्या रांगेत उभी होती. पुढे रीजनल मॅनेजर झाल्यावर तिनं पहिलं काम हे केलं की तक्रार लिहून घेणाऱ्याच्या नावावर ती धरायची नाही, असा नियम मागितला. तो मंजूर होईपर्यंत चार साहेब येऊन गेले, पण झाला. ते काकांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

समारंभ झाल्यावर काका माझ्याकडे आले. गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, कॉम्प्युटरचा पासवर्ड बंद करायचा म्हणून. फॉर्मवर सही केली. मी त्यांना बसा म्हटलं. राग अजून गेला नव्हता माझा, तो मी बोलूनही दाखवला.

“काका, मी तुम्हांला वाट करून दिली होती. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. का नाही गेलात?”

शालीची घडी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवत राहिले.

“ताई, त्या साली लोक माझ्या दारात येऊन बसायचे,” ते म्हणाले. “उजाडलं की ओट्यावर माणसं. रुमालात शेतातली माती बांधून आणायचे, तिच्यात कुजलेला दाणा. बघा म्हणायचे. आमच्या मंडळी चहा करून करून दमल्या. आन् हाक मारायचे ती नाव घेऊन. टाकसाळे, बाहेर या. काहींनी शिव्या दिल्या, त्या पण नाव घेऊन दिल्या. मला आतून कडी लावता आली असती. बाकीच्यांनी लावली. मी दर वेळी बाहेर आलो, आन् ज्याचं त्याचं लिहून घेतलं.”

“म्हणूनच म्हणते मी. तुम्ही एवढं केलंत आणि—”

“ऐका ना. तुम्ही म्हणालात तिथं अज्ञात लिहू. ती ओळ मी त्या रात्री डोक्यात घोळवली. मला बरंच होतं ते. पण मग ते लोक हाक कुणाला मारत होते?”

डोळे भरून आले आणि मी उगाचच प्रिंटरकडे वळले. काका उठले, खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली, संजीवनीवर लक्ष ठेवा म्हणाले आणि शाल काखेत मारून गेले.

संध्याकाळी एच.आर.चा कागद आला. मी मास्टर उघडलं आणि भी. टाकसाळे या ओळीत शेवटची तारीख भरली. ओळ काढली नाही. मास्टरमधून माणसाची ओळ काढत नाहीत, मागच्या नोंदी तिलाच विचारायला येतात.